सवतीच्या टाकाचं नाक

वाशीम जिल्ह्यात चांदीच्या पत्र्यातून मानसाचा चेहरा उठवनारा कारागीर आता एकटा मीच उरलो. ज्याचा चेहरा सांगतला त्याचाच निघन, याची मात्र मी हमी देत नाई.

दिवाळी अंक काढनारे मास्तर दुकानात आले अन् म्हने, "दामूभाऊ, धंद्यातले अनुभव लिहा." मी म्हटलं, "मास्तर, मले फक्त सही येते, तेबी दुकानाच्या पाटीवरून पाहून." ते म्हने, "मंग तुमी बोला, मी उतरवून घेतो." म्हनून बोलून राह्यलो. यात कुठी शहानपन दिसलं तं ते मास्तरानं आपल्या पदरचं घातलं असं समजा.

माहं दुकान वाशीमात, भाजीबाजाराच्या मागच्या बोळीत. दुकान म्हंजे काय, एक शटर, एक ऐरन, एक शेगडी, अन् येनाऱ्या गिऱ्हाइकासाठी एक स्टूल, ज्याचा एक पाय आखूड हाय. घरची म्हन्ते, दुकानात दोनच वस्तू डुगडुगते, एक स्टूल अन् दुसरा तुमचा हात.

आता चांदीचं काम कसं असते ते सांगतो. एक असते ठशाचं काम. कांस्याचा ठसा घ्यायचा, त्यात देवाचा आकार खोल कोरलेला असते. त्याच्यावर पातळ पत्रा ठेवायचा, पत्र्यावर शिसं ठेवायचं अन् वरून हातोडी हानायची. शिसं नरम, ते पत्र्याले ढकलत ढकलत ठशाच्या कोपऱ्याकोपऱ्यात नेते. पत्रा उचलला का देव तयार. त्याले टाक म्हन्ते. देव्हाऱ्यात असते ना उभे राह्यलेले चपटे चपटे देव, तेच. हे काम बह्याडालेबी जमते. मले जमते, यावरूनच समजा.

ठसे माह्याजवळ मोजकेच. घोडेस्वाराचा एक, तो सगळ्यात जास्त चाले. खंडोबा मांगतला तं तोच, लढाईत मेलेला पूर्वज मांगतला तं तोच, विहिरीत पडलेला चुलता मांगतला तरी तोच. एक जन दुकानात येऊन भांडला. म्हने, "आमचा आजा बैलगाडीवरून पडून मेला, तुमी त्याले घोड्यावर काहून बसवला?" मी म्हटलं, "वरतं गेल्यावर बढती भेटली." तो बिचारा खुश होऊन गेला. आजाची नोकरी कधी नव्हती, मेल्यावर बढती भेटली.

दुसरं असते हाताचं काम, त्याले उठावाचं काम म्हन्ते. राळ, विटकरीची भुकटी अन् थोडं गोडंतेल एकत्र तापवायचं, ते तसराळ्यात भरायचं, अन् त्याच्यावर चांदीचा पत्रा चिकटवायचा. मंग बिनधारेच्या छिन्न्या घेऊन टुकटुक टुकटुक ठोकत बसायचं. राळ खालून थोडी दबते, पत्रा फाटत नाई, आकार घेते. पन गंमत अशी का ठोकायचं मांगच्या बाजूनं. तुमी इकडून खड्डा पाडान तं तिकडून फुगन. समोरून काय निघून राह्यलं ते राळीत तोंड खुपसून बसलेलं असते. राळ तापवून पत्रा सोडवला, उलटा केला, तवाच समजते का आपन काय दिवे लावले.

माहा बाप या कामाचा राजा. अत्तरदानीवर असा पोपट उठवे का मांजर उडी मारे. मी उठवलेला पोपट पाहून मांजर उठली अन् शेजारच्या दुकानात जाऊन बसली. बाप म्हने, "दाम्या, तू कावळ्यापासून सुरुवात कर. बिघडला तरी कोनी वळखत नाई." बाप गेला. त्याच्या छिन्न्या राह्यल्या. मी त्याच्यानं डब्याचे झाकन उघडतो. कधीमधी कोनी जुना मानूस येते, बापाच्या हातची अत्तरदानी उजाळ्याले आनते. मी रिठ्याच्या पान्यानं ती घासतो अन् घासता घासता पोपटाकडं पाहतो. पोपट माह्याकडं पाहतो.

डाग द्याचं कामबी तसंच. डाग म्हंजे दोन तुकडे जोडनं. जोडावर टाकनखार लावायचा, डागाची बारीक कापलेली चांदी ठेवायची, फुंकनीनं जाळ मारायचा. ती चांदी पहिले वितळते अन् जोडात धावते. टाकनखार कमी पडला का ती धावत नाई, तिथंच गोळी होऊन बसते. एका पुढाऱ्याच्या सत्काराचा तांब्या मी केला. बुडाले टाकनखार कमी पडला. मंडपात कोन्या हुशारानं त्यात पानी भरलं, पुढारी तांब्या पोटाशी धरून उभे राह्यले. भाषन चालू अन् धोतर वलं. मांगच्या लोकाले वाटलं, साहेब भेले.

असा मी कारागीर. आता ज्याच्यासाठी बोलाले बसलो ते सांगतो.

रिठदच्या गोदाबाई माह्या जुन्या गिऱ्हाईक. लांब नाक, पुढं आलेली हनुवटी, अन् दोन भुवयाच्या मधात दोन उभ्या आठ्या, अशा का जशी कोनी बैलगाडी नेली. त्यायचा एकुलता एक पोरगा विलास. विलासची पहिली बायको मीना कावीळ होऊन गेली. वर्ष झालं नाई तं गोदाबाईनं दुसरी ठरवली, रेखा, जऊळक्याची. अन् लग्नाच्या आधीच माह्या दुकानात येऊन स्टुलावर बसल्या.

"दाम्या, सवतीचा टाक पाह्यजे."

ज्याले माहीत नाई त्याच्यासाठी सांगतो. पहिली बायको मेली अन् नवऱ्यानं दुसरी केली, तं दुसरीच्या गळ्यात पहिलीचा टाक बांधते, काळ्या दोऱ्यात. म्हंजे पहिली रागावत नाई, त्रास देत नाई. नवं लुगडं आलं का पहिले टाकाले दाखवायचं, मंग आपन नेसायचं. सन असला का पहिला घास टाकाले. नवऱ्याच्या गळ्यात काई नाई. लग्न त्यानं केलं, पन राग त्याच्यावर येत नाई म्हने.

माह्याजवळ बाईचा ठसा एकच, लक्ष्मीचा. तिले हात चार. मी म्हटलं त्यात काय, वरचे दोन हात ठोकून सपाट करतो. केले. पन खांद्यावर दोन टेंगळं राह्यली. गोदाबाईनं टाक डोळ्याजवळ नेला.

"हे काय रे?"

"पदर हाय, मावशी. फुगला."

"मीनाले दोनच हात होते, दाम्या. चार असते तं भाकरी येळेवर झाल्या असत्या."

पन नेला. रेखाच्या गळ्यात बांधला. अन् मंग त्या घरात जे बिघडलं ते मीनाच्या नावावर जाऊ लागलं. म्हशीनं दूध चोरलं, मीना. लोनच्याले बुरशी आली, मीना. विलास फटफटीवरून नालीत पडला, तेबी मीनानंच ढकललं. त्याच्या तोंडाचा वास सगळ्या रिठदले आला, एकट्या गोदाबाईले नाई आला.

मंग त्याईनं निकाल काढला. मीना टाकात बसूनच नाई राह्यली. काहून? तं चेहरा तिचा नाई. परक्या बाईच्या अंगात ती कशी येईन?

तिघंबी दुकानात आले. गोदाबाईनं जुना टाक माह्या पुढ्यात आपटला. "ठशाचा नको. हातानं कर. मीनाचं तोंड मीनासारखं दिसलं पाह्यजे. आज इथंच बसून करून घेतो. नाई जमलं तं विलास हिले इथूनच जऊळक्याच्या गाडीत बसवून देते. मीना शांत होयपर्यंत हिनं माहेरीच राहावं."

रेखा दाराशी उभी होती. पिशवी हातात होती, कपड्याची. म्हंजे तयारीनंच आनली होती तिले. गोदाबाई पानी प्याले मांगं गेल्या तवा ती जवळ आली.

"दामूभाऊ, येते का तुमाले चेहरा?"

"येते म्हंजे? बापानं शिकवलं हाय."

"खरं सांगा वो. माह्या घरी वहिनी हाय. एकदा पिशवी घेऊन गेली तं मले आनाले कोनी येनार नाई. यायले मी ओळखते."

"तू पाहतच राह्य."

ती पाहतच राह्यली, ते वेगळं.

आमची घरची डबा घेऊन आली होती, तिनं हे ऐकलं. माह्या कानाशी येऊन म्हने, "तुमाले पोपट येत नाई, बाई कशी येईन?" मी म्हटलं, "चूप." ती डबा ठेवून जाता जाता जोरात म्हने, "मी मेल्यावर दुसरी कराची असन तं करा. पन मले तिच्या गळ्यात नोका लटकवू. मले तुमच्या गळ्यात लटकवा. जित्तेपनी लटकलीच हाय." गोदाबाईनं तिच्याकडं असं पाह्यलं का राळ थंडी झाली.

मी म्हटलं, "फोटो दाखवा."

विलासनं मोबाईल काढला. लय शोधलं. मीनाचा एकटीचा एकबी फोटो नाई. फटफटीचे फोटो होते, म्हशीचा होता, दारापुढच्या सोयाबीनच्या ढिगाचे तं लय होते. शेवटी कोनाच्या तरी लग्नातला एक भेटला. त्यात धा बाया, अन् मांगं ताट घेऊन जाताना मीना. अर्धा चेहरा दुसऱ्या बाईच्या अंबाड्याच्या आड.

मी विलासले म्हटलं, "बरं, तूच सांग. नाक कसं होतं?"

विलासनं लय इचार केला. "नाकासारखं."

"डोळे?"

"दोन."

चार वर्स एका ताटात जेवला गडी. दाराशी रेखा उभी होती, ती त्याच्याकडं पाहून राह्यली होती. तिच्या मनात काय आलं असन ते सांगाले मी काई शिकलेला मानूस नाई. पन तिनं आपला हात हळूच आपल्या नाकावरून फिरवला.

"मी सांगते," गोदाबाई म्हने. "तू ठोक."

जुना टाक मी वितळवला, पत्रा ठोकून पातळ केला, तापवून नरम केला. चांदी ठोकली का कडक होते, परत तापवली का परत ऐकते. मंग राळीवर बसवला. मोबाईल समोर भिंतीले टेकवला. अन् त्याच्या बाजूले, स्टुलावर, गोदाबाई.

बापाच्या छिन्न्या हातात घेतल्या. त्या डब्याच्या झाकनानं वाकल्या होत्या. तरी ठोकाले लागलो. दोन टोले मारले का मोबाईल अंधारा होये. "विलास, लाव." विलास लावे. आनखी दोन टोले, परत अंधारा. मंग विलास चहा प्याले गेला तो टपरीवरच रमला. मी मान वरतं केली का मोबाईल काळा, अन् बाजूले गोदाबाईचं तोंड, उजेडात, बोलत असलेलं.

"नाक बारीक होतं तिचं. लांब नोको करू."

टुकटुक.

"हनुवटी पुढं नोको काढू. आतमंदी होती."

टुकटुक.

"कपाळावर आठी नव्हती बरं तिच्या. सरळ ठेव."

त्या जे जे नोको म्हने ते ते माह्या डोळ्यापुढंच होतं. मानूस "नोको" ऐकते कानानं, पन हात चालते डोळ्याच्या मांगं. त्यात नाकावर छिन्नी घसरली. थोडीशी. मी म्हटलं, मांगून एवढीशी वाटते, समोरून दिसनार नाई.

उन्ह उतरलं तवा मी म्हटलं, "झालं, मावशी." राळ तापवली, पत्रा चिमट्यानं सोडवला, चिकटलेली राळ जाळली, चिंचेच्या पान्यात टाकला, रिठा लावून बुरशानं घासला. चांदी अशी पांढरी निघाली का मन भरून आलं. विलासबी तंबाखू मळत परत आला. मंग मी टाक सरळ केला अन् पाह्यला.

आईशप्पथ सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा माह्या हातून जित्तं मानूस उठलं होतं. लांब नाक. पुढं आलेली हनुवटी. दोन भुवयाच्या मधात दोन उभ्या आठ्या, बैलगाडीच्या. तोंड जरासं उघडं, आता काईतरी बोलीन असं. बाप असता तं त्यानं मले उचलून घेतलं असतं, अन् मंग खाली आपटलं असतं.

मी टाक मुठीत झाकला.

"आन इकडं," गोदाबाई म्हने.

"आनखी उजाळा द्याचा हाय."

"आन म्हटलं ना."

रेखानं पुढं होऊन माह्या हातातून घेतला. पाह्यला. तिनं पदर तोंडात कोंबला अन् तोंड फिरवलं. तिचे खांदे हालाले लागले. गोदाबाईले वाटलं, सवतीले पाहून रडून राह्यली. तेवढ्यात विलासनं तिच्या खांद्यावरून डोकावलं. हा गडी दुकानात आल्यापासून आपनहून एक शब्द बोलला नव्हता. तो बोलला.

"माय, हे तं तू होय!"

गोदाबाईनं टाक हिसकला. दाराशी उजेडात नेला. पहिले टाकाकडं पाह्यलं, मंग डावा हात हळूहळू वरतं गेला अन् आपल्या नाकाच्या शेंड्यावर जाऊन बसला. तिथंच राह्यला.

"दाम्या," आवाज बारीक झाला होता त्यायचा. "टाक कोनाचा करते रे?"

"देवाचा, मावशी."

"अन् मानसाचा?"

मी खाली पाह्यलं. "मेलेल्याचा."

गोदाबाई मटकन स्टुलावर बसल्या. स्टूल डुगडुगलं तं त्यायले वाटलं, आपलं झालंच. "म्हंजे म्या मेली काय रे? जित्त्या मानसाचा टाक पाडला तुनं? मुडद्या!"

तवा रेखानं काय केलं माहीत हाय? पिशवीतून काळा दोरा काढला. कड्यात ओवाले तयार केला. मान खाली घातली, गरीब गाय जशी, अन् म्हने, "आत्याबाई, आना ना इकडं. बांधू का गळ्यात? पहिला घास तुमालेच दाखवत जाईन."

"खबरदार!" गोदाबाई उठल्या ते स्टूल पालथं पडलं. "खबरदार दोऱ्याले हात लावशीन तं! दाम्या, वितळव. आत्ताच्या आत्ता. माह्या डोळ्यापुढं."

मी टाक मुशीत टाकला, शेगडीवर ठेवला, फुंकाले लागलो. गोदाबाई शेगडीजवळ वाकून पाहून राह्यल्या. हनुवटी गेली, आठ्या गेल्या. नाक काई जाईना. चांदी जाड राह्यली होती तिथं. "फुंक ना रे!" त्या वरडल्या. मी गाल फुगवून फुंकलं तवा कुठी नाक पाघळलं. त्याईनं असा श्वास सोडला जसं त्यायचंच दुखनं गेलं.

मी म्हटलं, "मावशी, दुसरा करू काय? पाह्यजे तं..."

"दुसऱ्याचं नाव काढशीन तं मुशीत तुलेच टाकीन. टाक-बिक काई नोको आता. मीना समाधानी हाय."

विलास म्हने, "कोनं सांगतलं?"

"म्या सांगतलं. गाडी काढ."

"रेखाले ठेसनवर सोडू का?"

"ठेसनवर कायले? घरी भाकरी तुहा बाप टाकन काय?"

तिघंबी एकाच फटफटीवर बसून रिठदले गेले. रेखा शेवटी, पिशवी मांडीवर. बोळीच्या वळनावर तिनं मांगं पाह्यलं. गळ्याले हात लावला. गळा मोकळा होता.

ती चांदी गोदाबाईनं घरात नेली नाई. ज्यात आपलं तोंड उठलं ते घरात नोको. पुढच्या बाजारी रेखा एकटी आली अन् म्हने, "दामूभाऊ, त्या चांदीचे मले जोडवे करून द्या." मी म्हटलं, "काहून, डर नाई वाटत?" ती म्हने, "गळ्यात होतं तवा डर होता. पायात काय करनार हाय?" मंग जराशी थांबली. "मीनाबाईची कीव येते वो. तिचं तोंड कोनालेच आठवलं नाई." मी जोडवे केले. मुशीतल्या चांदीची कांडी ओतली, जंतरीच्या, म्हंजे भोकं पाडलेल्या लोखंडी पट्टीच्या, छिद्रातून ओढून तार काढली, वेटाळली, डाग दिला. टाकनखार भरपूर लावला.

आता मानसाची जात कशी असते पाहा. काही महिने गेले अन् मी ही गोष्ट दुकानात सांगाले लागलो. पहिले सांगो, हात घसरला. मंग सांगो, हात जरासा घसरला, जरासा मुद्दाम. मंग तं हात घसरलाच नाई. मंग मी सांगो का पोरीची पिशवी पाहून माहा जीव तुटला, मी गोदाबाईकडं एकदा डोळे भरून पाह्यलं, मनात ठरवलं, अन् बापाचं नाव घेऊन नाकापासून सुरुवात केली. म्हातारीले तिच्याच तोंडानं हारवलं. बाजूचा कपडेवाला म्हने, "दामूभाऊ, तुमी दिसता तसे नाई." मी म्हटलं, "कारागीर कधीच दिसते तसा नसते."

आजकाल टाक पिलॅस्टिकच्या पाकिटात येते, मशिनीवर पाडलेले. मीबी तेच इकतो. राळीचं तसराळं पडलं हाय कोपऱ्यात, राळीले भेगा पडल्या. म्हनून ती एक गोष्ट मले लय कामाची. गिऱ्हाईक पाकिट घेते, मी त्याले गोष्ट फुकट देतो.

मांगच्या आठवड्यात अशीच सांगून राह्यलो होतो. दोन बाया जोडवे पाहाले आल्या होत्या, मास्तरबी बसले होते. मी आपला रंगात. "मंग मी छिन्नी उचलली, अन् म्हातारीचं नाक असं नेमकं, असं मोजून..."

मांगून आवाज आला, "कोनाचं नाक?"

रेखा. हातात भाजीची पिशवी. अंगानं जराशी भरली होती, चांगली दिसून राह्यली होती. सगळे तिच्याकडं पाहू लागले. मी म्हटलं, "ही पाहा, हीच ती पोरगी! सांग बाई यायले, मी कसं केलं ते."

तिनं भाजी खाली ठेवली. चपलीतून पाय काढला, स्टुलावर ठेवला अन् बोटातल्या जोडव्याकडं बोट दाखवलं.

"दामूभाऊ, मी समोरच उभी होती. तुमचा हात घसरला होता. अन् हे जोडवेबी एक लहान अन् एक मोठं हाय, तेबी का मुद्दाम, मोजून केलं होतं?"